‘वा’ म्हणायची जागा

(हौशी निसर्ग-छायाचित्रकारांच्या एका मासिक बैठकीत झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. पडद्यावर दाखवलेले फोटो इथे दिलेले नाहीत. वक्त्यांनी केलेलं त्यांचं वर्णन मात्र ठेवलं आहे.)



आयोजकांनी मला विषय दिला तो असा, ‘हौशी मंडळींनी एकमेकांच्या फोटोंवर अभिप्राय कसा द्यावा?’ मी आधी म्हटलं, यावर तासभर काय बोलायचं? फोटो आवडला तर छान म्हणावं, नाही आवडला तर चहाचा कप उचलून खिडकीबाहेर बघावं. आपण सगळे तेच करतो. (हशा)

मग घरी जाऊन माझी वही काढली. या बैठकांमध्ये माझ्या फोटोंवर कोण काय म्हणालं ते मी टिपून ठेवतो, जुनी सवय आहे. वर्षभराची पानं चाळली. ‘अप्रतिम.’ ‘काय टिपलंय!’ ‘सर, कमाल.’ ‘जबरदस्त.’ दहा पानं वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की यातली कुठलीही प्रतिक्रिया उचलून दुसऱ्या कुठल्याही फोटोवर ठेवली तरी चालेल. खंड्यावरचं ‘अप्रतिम’ कास पठारावरच्या फुलांना लावा, काही बिघडत नाही.

अधूनमधून टीकाही होती. ‘शार्प नाही.’ ‘बॅकग्राउंड डिस्टर्बिंग.’ ‘क्रॉप टाइट हवा.’ मला वाटलं, चला, इथे तरी काही हाती लागेल. पण तीही तशीच. कुठल्याही फोटोला लावता येईल अशी. म्हणजे गोड बोलणारे आणि कडू बोलणारे, दोघांकडेही तयार शिक्के होते. फोटो समोर आला की मारला शिक्का.

तेव्हा माझं आजचं म्हणणं थोडक्यात सांगून टाकतो. अभिप्राय गोड असावा की परखड, हा प्रश्न नंतरचा. त्याआधीचा प्रश्न असा, की अभिप्राय देणाऱ्यानं फोटो पाहिलाय का? आणि न पाहता दिलेल्या अभिप्रायाची किंमत कोणीतरी मोजतं. बहुतेक वेळा फोटो काढणारा मोजतो. कधीकधी फोटोतला पक्षी मोजतो. त्या पक्ष्याची गोष्ट मी पुढे सांगणार आहे, कारण त्यात मी स्वतः होतो.

आपल्याकडे दाद द्यायची फार चांगली परंपरा आहे, आणि ती गाण्यातली आहे. मैफलीत जाणकार श्रोता ‘वा’ कधी म्हणतो? गायक तबकडीसारखा गातोय म्हणून दर दोन मिनिटांनी म्हणत नाही. गायकानं एखादी जागा घेतली, अवघड वळणावरून नेमका समेवर आला, की तिथे ‘वा’ येते. त्या ‘वा’मुळे गायकाला कळतं, हे इथे पोचलं. आणि तालमीत गुरू काय करतात? ‘सूर बरोबर नाही’ असं मोघम म्हणत नाहीत. त्या सुरावर थांबवतात. ‘हा गंधार बघ, खाली येतोय.’ दाद असो की दुरुस्ती, दोन्हीला जागा असते. आपल्या अभिप्रायांना ती जागा नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

आता फोटो बघू. सुरुवात माझ्याच एका फसलेल्या फोटोपासून करतो, म्हणजे कोणी रुसणार नाही.

(पडद्यावर पहिला फोटो)

मी आधी फक्त वर्णन करतो. भिगवणजवळ, उजनीच्या फुगवट्यावरचा फोटो आहे. हिवाळ्यातली सकाळ, पण ऊन चांगलं वर आलेलं. पाणी जवळजवळ काळं. मधोमध मोठा बगळा, मान वळवलेली, चोचीत आडवा मासा. मासा लखलखतोय. बगळा पांढराशुभ्र.

या फोटोला याच खोलीत सात-आठ वेळा ‘अप्रतिम’ मिळालं. एकानं ‘ओव्हर झालाय’ असं म्हटलं आणि पुढे गेला. आणि अकरावीतली एक मुलगी मागे बसली होती, ती म्हणाली, ‘काका, माशाचे खवले दिसताहेत, पण बगळ्याच्या अंगावर एकही पीस दिसत नाहीये. कागदाचा कापून चिकटवल्यासारखा वाटतोय.’

बघा, तिनं ‘ओव्हर एक्सपोज’ हा शब्द वापरला नाही. तिला बहुधा माहीतही नसावा. पण तिनं दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, खवले दिसतात आणि पिसं दिसत नाहीत. मी घरी जाऊन फोटो उघडला. खरंच, पाठीवर पिसांची एकही रेघ नव्हती. आता कारण कळायला वेळ लागला नाही. फ्रेमचा बहुतेक भाग काळं पाणी. कॅमेऱ्याचा मीटर तो काळोख बघतो आणि सगळं चित्र उजळ करायला जातो. त्यात बिचारा बगळा जळून जातो. पांढरा एकदा पूर्ण जळला की त्या ठिकाणी माहितीच उरत नाही. मग संगणकावर कितीही खटपट करा, पिसं परत येत नाहीत. उपाय सोपा होता. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे एक किंवा त्याहून थोडं अधिक करायचं, एक फोटो काढून हिस्टोग्राम उजव्या भिंतीला धडकतोय का ते बघायचं, आणि मग मासा पकडायची वाट बघायची.

‘ओव्हर झालाय’ म्हणणाऱ्या गृहस्थांचं निदान बरोबर होतं. पण त्यांनी मला निकाल दिला. त्या मुलीनं पुरावा दिला. निकालावर माणूस वाद घालतो. मीही मनात घातला होता, ‘ऊनच तसं होतं’ म्हणून. पुराव्यावर वाद घालता येत नाही. माणूस उठून परत फोटो बघतो.

या फोटोवरून मी एक सवय लावून घेतली, ती तुम्हाला सांगतो. दोष दिसला की मी मनातल्या मनात तीन कप्पे करतो. पहिला कप्पा, आज घरी बसून सुधारता येईल ते. तिरकं क्षितिज, क्रॉप, भडक केलेला रंग. दुसरा कप्पा, पुढच्या वेळी सुधारता येईल ते. एक्सपोजर, कॅमेऱ्याची उंची, उभं राहायची जागा, वेळ. तिसरा कप्पा, जे त्याच्या हातात नव्हतंच. ढग आले, पक्ष्यानं मान फिरवली, लेन्स तीनशेचीच आहे.

पहिल्या कप्प्यातलं लगेच सांगावं, त्याला त्याच रात्री उपयोग होतो. दुसऱ्या कप्प्यातलं सांगताना कसं करायचं तेही सांगावं. आणि तिसऱ्या कप्प्यातलं दोष म्हणून सांगूच नये. ‘सहाशेची लेन्स घ्या, मग बघा’ हा अभिप्राय नाही, ते दुकानाचं बिल आहे. (हशा) खरं तर तिसऱ्या कप्प्यातल्या गोष्टींचं कौतुक करावं, की तीनशेच्या लेन्सवर पक्षी लहान आला, तरी त्यानं भोवतालचं पाणी आणि वेली सांभाळून घेतल्या.

(पडद्यावर दुसरा फोटो)

हा आपल्याच एका सभासदांचा आहे, त्यांच्या परवानगीनं दाखवतोय. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर काढलेला. तुमच्यापैकी निम्म्या लोकांकडे असाच एक असणार, म्हणूनच निवडला.

वर्णन करतो. काळ्या दगडावर सरडा, पुढचे पाय ताणून उभा. गळ्याखालचा पंखा पूर्ण उघडलेला, त्यात निळा, काळा आणि नारिंगी रंग. डोळा लख्ख, डोळ्यात प्रकाशाचा ठिपका. मागे काही नाही, गुळगुळीत पिवळसर-हिरवा पडदा. कॅमेरा सरड्याच्या डोळ्याच्या उंचीवर.

हा नर आहे. पावसाळ्याच्या आधीच्या कोरड्या दिवसांत माद्यांसाठी आणि इतर नरांना दटावण्यासाठी तो हा पंखा फुलवतो. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्यांसाठी वेगळी प्रजाती नोंदवली आणि तिला नाव दिलं ‘सरडा’. आपला मराठी शब्द थेट शास्त्रीय नावात गेला. चाळकेवाडीचा हा तो सरडा सुपर्बा.

आता दाद. आणि जागेवर दाद. पहिली जागा, उंची. हे गृहस्थ साठीच्या पुढचे आहेत, आणि मे महिन्यात त्या तापलेल्या कातळावर पालथे पडलेत. उभ्यानं काढला असता तर सरडा जमिनीला चिकटलेला दिसला असता. इथे तो राजासारखा उभा आहे. दुसरी जागा, फोकस. त्यांनी सांगितलं, चारशे मिलिमीटर, एफ पाच पॉइंट सहा, अंतर साधारण चार मीटर. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एवढ्यात स्पष्ट दिसणारी खोली किती मिळते, माहितेय? साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास. दोन बोटांची रुंदी म्हणा. त्या पट्ट्यात त्यांनी डोळा आणि पंखा दोन्ही बसवलेत, कारण सरडा नेमका आडवा होईपर्यंत ते थांबले. तो थोडा जरी तिरका असता तर दोन्हीतलं एक गेलं असतं. इथे मी ‘वा’ म्हणतो.

आणि आता माझी अडचण. हा फोटो उत्तम आहे, आणि मी तो शंभर वेळा पाहिलाय. दर मे महिन्यात पाहतो. दगड, पंखा, गुळगुळीत पडदा. चाळकेवाडीला जो गेलाय त्याला माहितेय, तिथे सगळीकडे पवनचक्क्या आहेत. वाळलेलं गवत आहे, उघडा कातळ आहे, वारा आहे. हा छोटा जीव त्या भल्यामोठ्या पात्यांच्या खाली आपला पंखा उघडून उभा असतो. यातलं फोटोत काय आलं? काहीच नाही. हा सरडा स्टुडिओत बसवला असता तरी फोटो असाच दिसला असता.

हा दोष त्या गृहस्थांचा नाही, आपला आहे. आपण वर्षानुवर्षं एकच गोष्ट मागत आलोय, ‘बॅकग्राउंड क्लीन हवं’. त्यांनी ती दिली. त्यांच्याशी बोललो तेव्हा ते म्हणाले, ‘पवनचक्की आलेले चार फोटो आहेत, पण ते बैठकीला आणले नाहीत. तुम्ही लोक डिस्टर्बिंग म्हणाल.’ मी ते मागवून पाहिले. त्यातला एक, रुंद फ्रेमचा, खाली कोपऱ्यात सरडा आणि मागे धूसर तीन पाती, या फोटोपेक्षा मला कितीतरी अधिक आवडला. म्हणजे आपल्या अभिप्रायानं एक चांगला फोटो घरी ठेवायला लावला.

अभिप्राय हवेत विरून जात नाही हे मला इथे सांगायचंय. आपण ज्याला ‘वा’ म्हणतो, लोक पुढच्या रविवारी तेच काढायला जातात.

आता ती पक्ष्याची गोष्ट. याचा फोटो मी दाखवणार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आपल्याकडे एक तरुण मुलगा येऊ लागला होता. उत्साही, कष्टाळू. एका बैठकीत त्यानं शिंजिराचा फोटो आणला. तो छोटा, फुलातला मध पिणारा पक्षी, घराच्या आसपासच असतो. फांद्यांच्या गर्दीत बसलेला होता. मी त्याला म्हटलं, ‘पक्षी छान आहे, पण बॅकग्राउंडमध्ये काड्या फार.’ बस्स, एवढंच. चार शब्द. कुठली काडी, तिनं काय बिघडतंय, दोन पावलं बाजूला सरकून बघितलंस का, यातलं काही नाही. शिक्का मारला आणि पुढे गेलो.

पुढच्या महिन्यात तो परत आला. या वेळी शिंजिराचं घरटं. तुम्ही पाहिलं असेल, लोंबती पिशवी, कोळ्याच्या जाळ्यानं विणलेली, बाहेरून सालीचे तुकडे, कचरा चिकटवलेला, आणि दाराच्या वर छोटीशी पडवी. मादी चोचीत किडा घेऊन आलेली, दारातून पिल्लाची उघडी चोच. आणि मागे? मखमलीसारखं हिरवं. एक काडी नाही. खोलीत टाळ्या पडल्या. मी मोठ्यांदा म्हणालो, ‘काय क्लीन बॅकग्राउंड मिळालंय!’ कोणीतरी जागा विचारली, त्यानं भोळेपणानं सांगितली. पुढच्या रविवारी आम्ही सातजण ट्रायपॉड घेऊन तिथे होतो. मी त्या सातांत होतो.

बुधवारी घरटं रिकामं होतं. पिल्लं कशानं गेली ते मी पाहिलं नाही, त्यामुळे सांगू शकत नाही.

काही महिन्यांनी प्रदर्शनासाठी फोटो निवडताना तो फोटो मोठा करून पडद्यावर लावला. आणि डाव्या कडेला मला एक डहाळी दिसली. तिचं टोक तिरकं, ताजं, पांढरं. कापलेलं. फोटो तोच होता. टाळ्या पडल्या त्या दिवशीही ती डहाळी तिथेच होती. आम्ही तीसजण बघत होतो आणि एकालाही दिसली नाही, कारण आम्ही फोटो बघतच नव्हतो.

मी त्या मुलाला विचारलं. तो खोटं बोलला नाही. म्हणाला, ‘तीन डहाळ्या कापल्या, काका. गेल्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात ना, काड्या फार आहेत.’

(वक्ते काही क्षण थांबतात.)

त्या डहाळ्यांनीच घरट्यावर सावली होती आणि आडोसाही होता. त्या गेल्यावर भर दुपारचं ऊन थेट पिशवीवर, आणि कावळ्याला ती लांबून दिसणार. हे मला माहीत होतं. कायदाही माहीत होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं येतं. हे मी त्याच खोलीत नवीन लोकांना सांगायचो. आणि फोटो समोर आला तेव्हा मी हिरवी मखमल बघितली.

तो मुलगा नंतर येईनासा झाला. मी त्याला रागावलो नव्हतो. रागवायचा अधिकारच नव्हता. पण त्याला जे कळलं त्याचं ओझं त्याला एकट्याला वाटलं असणार, आणि ते निदान निम्मं तरी माझं होतं.

आता कोणी म्हणेल, तुम्ही हौशी लोक, तुमच्याकडून सुटणारच. तर दोन मोठी उदाहरणं सांगतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची जगप्रसिद्ध वन्यजीव छायाचित्र स्पर्धा आहे. 2009 साली तिथे पहिला आलेला फोटो होता रात्री फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा. विलक्षण फोटो. 2010 च्या जानेवारीत तो बाद ठरला, कारण तो लांडगा रानातला नसून माणसाळलेला, भाड्यानं आणलेला असावा असं परीक्षकांचं मत झालं. छायाचित्रकारानं ते नाकारलं, पण निर्णय बदलला नाही. पुढे 2017 च्या स्पर्धेत ब्राझीलमधला एक फोटो एका विभागात जिंकला. रात्री चमकणारं वाळवीचं वारूळ आणि त्याकडे येणारा मुंगीखाऊ. 2018 मध्ये तोही बाद झाला. त्या उद्यानाच्या एका प्रवेशद्वाराशी पेंढा भरलेला एक मुंगीखाऊ ठेवलेला असायचा. तज्ज्ञांनी दोन्हीच्या अंगावरच्या खुणा, केसांचे झुबके, ठेवण ताडून पाहिली आणि प्राणी तोच आहे असा निष्कर्ष काढला. इथेही छायाचित्रकारानं आरोप नाकारला.

या दोन्ही वेळी शंका आली ती कोणीतरी फोटोतला प्राणी नीट बघितल्यामुळे. उडी मारणारा लांडगा ही कल्पना बाजूला ठेवून, हा लांडगा कोण आहे ते बघितलं. आपल्याला परीक्षक व्हायचं नाही, पण इतकं बघणं आपल्यालाही जमतं.

म्हणून आता मी वर्णनानं सुरुवात करतो, आणि वर्णन करताना प्राण्याकडे बघतो. तो काय करतोय? पक्षी चोचीत किडा घेऊन फांदीवर नुसता बसून राहिलाय, घरट्यात जात नाहीये, तर बहुधा कोणीतरी फार जवळ उभं आहे. टिटवी चोच उघडून थेट कॅमेऱ्यावर झेपावतेय, आपण म्हणतो, ‘काय ॲक्शन!’ अहो, तिची अंडी जमिनीवर आहेत आणि तुम्ही त्यांच्यापाशी उभे आहात. भिगवणला कुरव पक्षी होडीभोवती घिरट्या घालताहेत, प्रकाश सुंदर, पंख सुंदर, आणि एकाच्या चोचीत शेव. (हशा) हसू नका, मी असा फोटो मोठा करून पाहिलाय.

मग विचारायचं कसं? आरोप न करता. त्याला मी एक युक्ती करतो. प्रत्येकाला, प्रत्येक फोटोवर, तेच तीन प्रश्न. कुठे उभे होतात? किती वेळ होतात? तुम्ही निघालात तेव्हा तो काय करत होता? सगळ्यांना विचारले की कोणालाच ते टोचत नाहीत. आणि पुढच्या वेळी माणूस रानात गेला की त्याला आठवतं, बैठकीत विचारणार आहेत. तेवढ्यानंही चार पावलं मागे सरकतो.

आता थोडं बोलण्याच्या रीतीविषयी, कारण बघितलं तरी सांगता आलं पाहिजे.

एक. आधी विचारा, तुम्हाला काय दाखवायचं होतं? सरडेवाल्या गृहस्थांना पंख्याचा रंग दाखवायचा होता की पठार, हे कळल्याशिवाय क्रॉपवर बोलण्यात अर्थ नाही.

दोन. वाक्याचा कर्ता बदला. ‘तू क्रॉप चुकवलास’ असं म्हणू नका. ‘उजवीकडचं ते पिवळं पान माझी नजर ओढतंय’ असं म्हणा. पहिल्यात माणूस चुकतो, दुसऱ्यात पान दोषी. पानाला राग येत नाही.

तीन. एका वेळी एकच मोठी गोष्ट. आपल्याला सात दोष दिसतात, आणि सातही सांगून टाकायची फार खाज असते. ती आपली हौस आहे, त्याची गरज नाही. ज्यानं पुढचा फोटो सगळ्यात जास्त सुधारेल ती एक गोष्ट सांगा.

चार. घरट्यासारखं काही दिसलं तर चारचौघांत बोलू नका, आणि गप्पही बसू नका. चहाच्या वेळी बाजूला घ्या. त्या दिवशी मी त्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं असतं, तर रविवारचे सात ट्रायपॉड टळले असते.

आणि पाच, ज्याचा फोटो आहे त्याच्यासाठी. दोन मिनिटं गप्प बसा. ‘पण सर, तिथे काटे होते, मी दीड तास बसलो होतो’ हे आम्हाला ऐकायचंय, जरूर ऐकायचंय, पण नंतर. दीड तास फोटोत दिसत नाही. दिसत असेल तर कोणीतरी ते आपणहून सांगेल, आणि ती खरी दाद.

या खोलीत ज्याची लेन्स मोठी तो ‘सर’. (हशा) सरांच्या फोटोला ‘अप्रतिम’ आणि नवीन मुलाच्या फोटोला ‘काड्या फार’. हे उलट असायला हवं. ज्यांना पंधरा वर्षं झालीत त्यांना परखड सांगा, ते सोसतील, आणि त्यांना कोणी सांगतच नाही. नवीन आलेल्याला मात्र तपशिलानं सांगा, कारण तो तुमचा प्रत्येक शब्द घेऊन रानात जाणार आहे. कैची घेऊन गेला, तशी.

माझं बोलणं संपलं. काही प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न: मला शटर, एक्सपोजर यातलं फारसं कळत नाही. मी काय अभिप्राय देणार? म्हणून मी ‘छान’ म्हणून मोकळी होते.

उत्तर: ताई, माझ्या बगळ्याबद्दल सगळ्यात उपयोगी बोलली ती अकरावीतली मुलगी. तिलाही कळत नव्हतं. तुम्ही एवढंच सांगा की तुमची नजर आधी कुठे गेली, मग कुठे गेली, आणि कुठे अडकली. पुढचं तंत्र तो शोधेल. आणि ‘छान’ म्हणायला माझी ना नाही, फक्त कुठे छान ते सांगा.

प्रश्न: असं सगळे बोलायला लागले तर लोक दुखावतील, गट फुटेल. इतकी वर्षं गोडीगुलाबीनं चाललंय.

उत्तर: फुटेल अशी भीती मलाही वाटते. पण गोडीगुलाबीनं चालतानाही एकजण गेलाच की. त्याला कोणी टोचून बोललं नव्हतं. आम्ही टाळ्याच वाजवल्या होत्या. मला विचाराल, तर ज्या गटात फक्त टाळ्या वाजतात त्यातूनही लोक जातात, फक्त का गेले ते कळत नाही.

प्रश्न: घरट्यांचे फोटो आपण पूर्ण बंदच का करत नाही?

उत्तर: अनेक स्पर्धांनी केलेत. आपणही या बैठकीत दाखवू नयेत असं माझं मत आहे, आणि ते मी आज कार्यकारिणीला लेखी देतोय. पण नियम झाला म्हणून बघायचं थांबवू नका. घरट्याचा फोटो बंद होईल, कैची दुसरीकडे जाईल. उद्या फुलांच्या फोटोत आजूबाजूचं गवत उपटलेलं असेल. ती उपटलेली जागा कोणाला तरी दिसली पाहिजे.

चला, चहा आलाय. आणि आज चहा पिताना खिडकीबाहेर बघू नका, बाहेरच्या पॅसेजमध्ये बारा फोटो लावलेत. प्रत्येकानं एक निवडा आणि तो काढणाऱ्याला शोधून एक वाक्य सांगा, जे दुसऱ्या कुठल्याही फोटोला लावता येणार नाही.